आमच्या घराण्याचं हृदय

३ मार्च, सोमवार

आजपासून अठ्ठ्याहत्तर दिवस उरले. म्हणून ही वही.

आमच्या घराण्यात पुरुष बावन्नावा वाढदिवस बघत नाहीत. आजोबा आदल्या दिवशी गेले. काका चार महिने आधी. बाबांनी तर फक्त सहा दिवस राहिले असताना, दाढी करता करता, अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून हात खाली टाकला. सगळे हृदयानेच गेले. माझा बावन्नावा वाढदिवस वीस मेला आहे. ही गोष्ट मला अठराव्या वर्षापासून माहीत आहे, त्यामुळे मी जन्मभर अंगाला तोशीस लागू दिलेली नाही. लग्न केलं नाही, कुणाच्या मुलीला फसवायचं कशाला. धावलो नाही, जड उचललं नाही, पोहायला शिकलो नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीचा कोट विरला, नवा घेतला नाही. टूथपेस्टसुद्धा लहान आणतो. ताई म्हणते, तुझ्या या चिमुकल्या नळ्या पिळता पिळता मीच आधी जाईन. ताई काहीही बोलते.

ताई माझी मोठी बहीण, वय पंचावन्न. तिला मूलबाळ नाही. मेहुणे गेले तेव्हापासून, म्हणजे आठ वर्षं, ती माझ्याकडे राहते. खरं तर मीच तिच्याकडे राहतो, कारण घर मी चालवत नाही. ती पडद्यांची कामं घेते. लोकांच्या खिडक्या मोजते, कापड आणते, शिवते आणि शिडीवर चढून टांगूनही देते. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तिच्याकडे कापडाचे गठ्ठे असतात, बाजाराच्या पिशव्या असतात, माझा डबाही तीच घेते, मला जपायचं म्हणून. हल्ली ती दुसऱ्या मजल्यावर गठ्ठे टेकवून थांबते आणि जिन्यातल्या खिडकीतून बाहेर बघत बसते. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत आहे. मी पुढे जाऊन दार उघडून ठेवतो. तेवढं माझ्याच्याने होतं.

दुसरी बातमी, माझी बदली झाली. सव्वीस वर्षं मी इस्पितळाच्या हृदयविभागात नोंदणीच्या खिडकीत बसलो. आता कॉरिडॉरच्या टोकाला, जिथे मोडक्या चाकांच्या खुर्च्या ठेवत असत त्या खोलीत, नवीन तपासणी सुरू झाली आहे. पेशंटच्या लाळेतून डीएनए काढायचा आणि वाडवडिलांकडून आलेला एखादा आजार त्यात दडलाय का ते बघायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या घराण्याचा नकाशा काढावा लागतो. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, आजारी असेल तर आतून काळं भरायचं. माझ्या रेघा सरळ येतात म्हणून माझी निवड झाली. तिथल्या डॉक्टर म्हणजे एक मॅडम आहेत, पस्तिशीच्या असतील. सारखं सफरचंद खात असतात.

५ मार्च, बुधवार

आज सहा पेशंट आले, लाळ दोघांनाच आली.

मॅडमच्या मते काम सोपं आहे. अर्धा तास आधी काही खायचं-प्यायचं नाही आणि मग नळीत रेघेपर्यंत थुंकायचं, बस्स. पण एरवी बोलताना समोरच्याला न्हाऊ घालणारी माणसंसुद्धा नळी हातात आली की कोरडीठाक पडतात. त्यात खुर्चीच्या बरोबर वर, भिंतीवर जुनी पाटी आहे, ‘येथे थुंकू नये’. एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी ती पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं, की याच गोष्टीसाठी त्यांनी चाळीस वर्षं पोरांचे कान पिळले आहेत. एका आडदांड पोलीस अधिकाऱ्याने मला तोंड फिरवायला लावलं. मग मॅडमनाही फिरवायला लावलं. शेवटी तो नळी घेऊन कपाटामागे गेला आणि वीस मिनिटांनी घामाघूम होऊन बाहेर आला. नळी रिकामीच.

मी एक युक्ती काढली. पेशंटच्या समोर बसून लिंबू खाल्ल्याचा अभिनय करायचा. चिरायचं, पिळायचं, चाटायचं, डोळे गच्च मिटायचे. त्यांच्या आधी माझ्याच तोंडाला पाणी सुटतं, पण काम होतं. पाटी काढावी म्हणून अर्ज दिला आहे. पाटी स्वच्छता विभागाची, तिला आम्ही हात लावायचा नाही.

१० मार्च, सोमवार

अर्जाला उत्तर आलं. पाटी काढता येणार नाही, मात्र तिच्याखाली दुसरी लावायला त्यांची हरकत नाही. आता भिंतीवर असं वाचता येतं: ‘येथे थुंकू नये. फक्त नळीत.’

पेशंटना द्यायचं माहितीपत्रक आज मी टाइप केलं. जन्मापासून रक्तात कोलेस्टेरॉल साठवणारा एक आजार घराण्यातून येतो. आईवडिलांपैकी एकाला असला की प्रत्येक अपत्याला यायची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. वेळीच कळलं तर गोळ्यांनी ताब्यात राहतो. काहींच्या अंगावर खुणा दिसतात: टाचेमागची शीर जाड होते, पापण्यांपाशी पिवळसर चट्टे येतात. टाइप करता करता माझ्या अंगावर काटा आला, कारण हे तर सरळ आमच्या घराण्याचं वर्णन होतं. मुलीचं तेवढं जगासाठी लिहिलेलं असणार. आमच्याकडे ते बायकांकडे जात नाही.

घरी आल्या आल्या बूट-मोजे काढले आणि आरशात स्वतःच्या टाचा बघायचा प्रयत्न केला. मान अवघडली. मग ताईला हाक मारली. ती हातातलं शिवण ठेवून आली, बॅटरी घेऊन माझ्यामागे जमिनीवर बसली आणि दोन्ही टाचा चाचपून म्हणाली, काही नाही रे, लहान मुलासारख्या आहेत. मला वाईट वाटलं. म्हटलं पापण्या बघ. पापण्याही स्वच्छ. उठताना तिने टेबल धरलं आणि जरा वेळ तशीच उभी राहिली.

तिने आपल्या बुटांची मागची बाजू कात्रीने कापून टाकली आहे. टाचेला लागतात म्हणते. दुसऱ्यांच्या खिडक्यांसाठी एवढं सुबक शिवणारी बाई, पण स्वतःच्या बाबतीत नीटनेटकेपणा म्हणून नाही. डोळ्यांपाशीही काहीतरी पिवळं लागलेलं असतं, महिनोन्‌महिने तसंच. मी सांगायचं सोडून दिलं आहे.

१२ मार्च, बुधवार

मॅडम कर्मचाऱ्यांचीही तपासणी करणार आहेत. जेवणाच्या सुट्टीत मी माझ्या घराण्याचा नकाशा काढला. पट्टी, काळी शाई, एकही खाडाखोड नाही. पणजोबांपासून माझ्यापर्यंत पाच चौकोन. चार पूर्ण काळे आणि पाचवा माझा, तूर्त पेन्सिलीने हलकासा भरलेला. इतका देखणा नकाशा या खोलीत दुसऱ्या कुणाचा नाही.

मॅडमनी कागद उलटून मागची बाजूही बघितली. मग म्हणाल्या, ‘यात वर्तुळं कुठे आहेत?’

मी सांगितलं की जागा वाचवली. आमच्याकडे बायकांची हृदयं भक्कम असतात, त्या दुसऱ्याच कशाकशाने जातात. कशाने, असं त्यांनी विचारलं आणि माझी कळी खुलली, कारण हे किस्से मी फार रंगवून सांगतो. आजी, म्हणजे आजोबांची सख्खी बहीण, हसण्याने गेली. शेजारीण आपल्या नवऱ्याच्या घोरण्याची नक्कल करत होती, आजी छातीवर हात दाबून हसत सुटली, हसून हसून खुर्चीत मागे टेकली ती टेकलीच. मोठी आत्या रागाने गेली. पोस्टाच्या रांगेत कुणीतरी मध्ये घुसलं, आत्याने त्याला झाप झाप झापलं, घाम पुसत बाकावर बसली आणि संपलं. धाकटी आत्या घाईने गेली. बसमागे धावली, बस मिळालीसुद्धा, पण शेवटच्या थांब्यावर कंडक्टर उठवायला गेला तर ही उठेना. ऐकणारे नेहमी पोट धरधरून हसतात.

मॅडम हसल्या नाहीत. सफरचंद खाली ठेवून त्यांनी तिघींची वयं विचारली. मी म्हटलं, असतील पन्नास-साठच्या मध्ये कुठेतरी, बायकांची वयं कोण लिहून ठेवतं. त्यावर म्हणाल्या, हा आजार चौकोन बघून येत नाही, तुम्हीच परवा टाइप केलंत. मग बहीण आहे का विचारलं. मी म्हटलं आहे, पण ठणठणीत आहे, दिवसभर शिडीवर असते. मॅडमनी दोन नळ्या दिल्या, एक माझी, एक ताईची. शिवाय दोघांचं रक्तही तपासू म्हणाल्या.

माझी नळी मी तिथल्या तिथे भरली, लिंबाची गरज पडली नाही. रक्त दिलं नाही, सुईने हृदयावर ताण येतो. ताईची नळी कपाटात परत ठेवून दिली. इस्पितळाचा माल उगाच वाया कशाला घालवायचा. संध्याकाळी मॅडमनी विचारलं, तेव्हा ताई नको म्हणाली असं ठोकून दिलं. विचारलं असतं तर नकोच म्हणाली असती.

२६ मार्च, बुधवार

पंचावन्न दिवस. आज फोटो काढून घेतला, माझ्या पश्चात भिंतीवर लावायला. फोटोग्राफर सारखा हसा हसा म्हणत होता. मी म्हटलं, हा तसला फोटो नाही. मग तो इतका घाबरला की फोटो हलला. पुन्हा काढावा लागला.

१८ एप्रिल, शुक्रवार

फार वाईट दिवस. जिन्यात मला उचकी लागली ती अकरा मिनिटं थांबेना. बत्तीस दिवस आधीच गाशा गुंडाळावा लागतो की काय असं वाटलं. ताई नुकतीच एका अतिथिगृहाचे चौदा पडदे टांगून आली होती. ती माझ्यासाठी धावत वर गेली, पाणी घेऊन धावत खाली आली, माझी पाठ चोळली, मग माझ्या शेजारीच पायरीवर बसली. तिचा डावा हात कोपरापर्यंत दुखत होता म्हणे, आणि जबडाही. मी तिला समजावलं की कात्री जड आहे आणि टाचण्या दातात धरायची सवय वाईट. असेल, म्हणाली. तिचा चेहरा माझ्या काळजीने पांढराफटक पडला होता.

२ मे, शुक्रवार

निकाल आला. माझ्यात काहीही नाही.

मॅडमनी आनंदाने अर्धं सफरचंद पुढे केलं. मी घेतलं नाही. म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे, नळ्या बदलल्या असतील. त्यांनी लॅबवाल्याला बोलावलं. त्याने माझ्या नळीवरचा नंबर, कागदावरचा नंबर, मशीनमधला नंबर, सगळे जुळवून दाखवले. मला इतका राग आला की रागाच्या भरात रक्तही देऊन टाकलं. जेवणानंतर आकडा आला, कोलेस्टेरॉल १६८. मॅडम म्हणाल्या, असं रक्त पंचविशीतल्या खेळाडूला शोभेल.

असा अपमान माझा आजवर कुणी केला नव्हता. पणजोबांपासून हातोहात चालत आलेली गोष्ट, आणि माझ्यापाशी येऊन खुंटली. तेहेतीस वर्षं मी कशाची तयारी केली? एकवीस मेला सकाळी उठून मी करायचं काय?

घरी येऊन ताईला सांगितलं. ती कापडाच्या गठ्ठ्यावर मट्‌कन बसली आणि तोंडाला हात लावून रडायलाच लागली. मला वाटलं, निदान हिला तरी माझं दुःख कळलं. पण ती हसतही होती. म्हणाली, ‘सुटले रे बाबा.’ कशातून सुटलीस विचारलं तर चहा ठेवायला गेली.

५ मे, सोमवार

मॅडमशी वाद घातला. आमचं हृदय खोटं असेल तर चार कर्ते पुरुष काय शिंक येऊन गेले?

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुमच्यात नाही म्हणजे घराण्यात नाही असं मी म्हटलेलं नाही. तुमच्या घराण्यात नेमकं काय आहे ते शोधायला त्याच रक्ताचं आणखी एक माणूस हवं. पुरुष तर सगळे गेले. उरल्या फक्त ताई. ‘पण त्या नको म्हणाल्या होत्या ना?’ असं म्हणून त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी माझ्या बुटांकडे बघितलं.

मग त्यांनी माझा नकाशा खणातून बाहेर काढला आणि खोडरबर हातात घेतलं. ताई आल्या नाहीत तर हे चारही चौकोन पुसून तिथे प्रश्नचिन्हं टाकावी लागतील, म्हणाल्या. शाई खोडरबराने पुसली जात नाही हे त्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही. आजोबांच्या जागी प्रश्नचिन्ह, एवढंच दिसलं. शुक्रवारी ताईला घेऊन येतो, असं कबूल करून बसलो.

९ मे, शुक्रवार

तीन दिवस मी नळी खिशात घालून ताईच्या मागे मागे फिरलो. ती म्हणायची, मला कामं आहेत, आणि तसल्या आजारात माझं काय काम. शेवटी मी हात जोडले, म्हटलं घराण्याच्या अब्रूचा प्रश्न आहे, बाबांसाठी तरी चल. म्हणाली, तुझं समाधान होणार असेल तर येते, पण अकराच्या आत मोकळी कर.

आमच्या खोलीत येऊन तिने दोन्ही पाट्या वाचल्या आणि फिस्सकन हसली. मी लिंबाचा अभिनय केला. ते बघून ती इतकी हसली की नळी केव्हाच भरली. हसता हसता तिने छातीवर हात दाबला.

मॅडम एकदम उठल्या. ताईच्या डोळ्यांपाशी वाकून बघितलं. बूट काढायला सांगितले, टाचेमागे बोटांनी दाबून बघितलं. मग विचारायला लागल्या. जिना चढताना दम लागतो का, कुठे थांबावं लागतं, हात दुखतो का, जबडा? प्रत्येक उत्तराआधी ताई माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, तसं विशेष काही नाही, थोडंसं. चारपाच उत्तरं झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, तुम्ही बाहेर थांबा आणि दार लावून घ्या. माझ्याच खोलीतून मला बाहेर काढलं.

मी दाराशी उभा राहिलो. शब्द ऐकू आले नाहीत. आत ताई बोलत होती, एवढं कळलं, कारण मॅडमचा आवाज येत नव्हता.

दहा मिनिटांनी मॅडमनी स्वतः ताईला चाकांच्या खुर्चीवर बसवून ईसीजीला नेलं. मी मागून चालत होतो. दुपारी रक्ताचा आकडा आला, ४१२. डीएनएचा निकाल यायला वेळ लागेल, पण त्याची वाट बघायची नाही, आजच दाखल करायचं, सोमवारी अँजिओग्राफी, असं मॅडमनी सांगितलं. जे टाइप करताना मला माझं वर्णन वाटलं होतं, ते सगळं त्यांनी एकेक करून ताईच्या कागदावर लिहिलं. टाचा. पापण्या.

या वहीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय. म्हणून लिहितो, ४१२ ऐकल्यावर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाबांचं सगळं हिलाच कसं मिळालं. दुसरा विचार यायला अख्खा कॉरिडॉर जावा लागला. मार्चमध्ये तिची नळी मी कपाटात ठेवली होती. ती तिथेच होती, दोन महिने, आणि ताई शिडीवर होती.

सहीचा कागद समोर आला तेव्हा माझी सही माझ्यासारखी आलीच नाही. एकही रेघ सरळ नव्हती.

१२ मे, सोमवार

ताईला आत नेलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो. थोड्या वेळाने एक नर्स आली, माझ्याकडे बघितलं, माझी नाडी धरली आणि घाबरू नका म्हणत मला स्ट्रेचरवर आडवं केलं. मी सांगत होतो की पेशंट मी नाही. ती म्हणाली, सगळे असंच म्हणतात. मला उलट्या बाजूला दोन वळणं नेलं, तेव्हा कुठे मॅडम समोरून आल्या आणि त्यांनी सोडवलं. सव्वीस वर्षं मी या इस्पितळात आजाऱ्यासारखा वावरलो, कुणी ढुंकून बघितलं नाही. आज मला आजारी व्हायचं नव्हतं.

दोन रक्तवाहिन्या नव्वद टक्के बंद होत्या. दोन स्टेंट घातले. वेळेवर आलात, असं शस्त्रक्रियेच्या खोलीतून बाहेर आलेले डॉक्टर म्हणाले. माझी पाठ थोपटली. मी त्यांना म्हणालो नाही, की मी तिला तिच्यासाठी आणलेलं नाही, मला फक्त आजोबांचा चौकोन वाचवायचा होता.

१३ मे, मंगळवार

वॉर्डात गेलो तर ताई उठून बसली होती आणि खिडकीच्या पडद्याकडे तोंड वाकडं करून बघत होती. शिवण उसवलंय म्हणाली. मी स्टूल ओढून बसलो. मग विचारलं, कसं वाटतंय?

तिने मागे वळून बघितलं, मी कुणाला विचारतोय ते. मागे भिंत होती.

मला फार लाज वाटली. सगळं सांगून टाकलं. मार्चची नळी, मॅडमना ठोकलेली थाप, खोडरबर, सगळं. वाटलं होतं की ती चिडेल. ती माझ्या शर्टाचं चुकलेलं बटण नीट लावत राहिली. शेवटी मी विचारलं, इतके दिवस दुखत होतं तर बोलली का नाहीस.

म्हणाली, ‘तुझं चाललं होतं ना. घरात दोन दोन आजारी माणसं झाली असती तर बाजार कोणी आणला असता?’

हे ती कुरकुर म्हणून बोलली नाही. सरळ हिशेब सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, आपल्याला झालं असेल असं कधी वाटलंच नाही, ते तुमचं पुरुषांचं असतं असंच ऐकत आले. मोठ्या आत्याचाही हात दुखायचा. आजी जिन्यात बसायची. कुणी काही विचारायचं नाही, आणि त्याही सांगायच्या नाहीत.

बाहेर येऊन मी कॉरिडॉरमध्ये उभा राहिलो. गेल्या महिन्यात ताई त्या अतिथिगृहात शिडीवरून खाली आली नसती, तर मी लोकांना काय सांगितलं असतं ते मला पक्कं माहीत आहे. ताई पडद्यांनी गेली, असं सांगितलं असतं. आणि रंगवून सांगितलं असतं. चौदावा पडदा टांगला आणि मगच गेली बरं का, अशी कामाची. लोक हसले असते. मी भिंतीला धरून रडलो. तिथून जाणाऱ्या त्याच नर्सने पुन्हा माझी नाडी धरली.

१६ मे, शुक्रवार

ताई घरी आली. तिला महिनाभर जड उचलायचं नाही, शिडी नाही, गोळ्या जन्मभर. सकाळी भाजी मी आणली. दोन पिशव्या घेऊन तीन मजले चढलो आणि दारात पोचेपर्यंत जीव कंठाशी आला. मॅडमना विचारलं, याला काय म्हणायचं. म्हणाल्या, याला सवय नसणं म्हणतात.

भात करपला. डाव्या हाताला चटका बसला. ताईने तो करपलेला भात एक शब्द न बोलता खाल्ला, त्यावरून किती करपला असेल ते समजलं. एरवी ती काहीही बोलते.

२० मे, मंगळवार

आज मी बावन्न पूर्ण केली. आमच्या घराण्यात असा दिवस कुणा पुरुषाने बघितलेला नाही, त्यामुळे त्या दिवशी काय करतात हे मला माहीत नव्हतं. सुट्टी काढली होती. चहा केला, या वेळी पिण्यासारखा झाला. ताईच्या गोळ्या काढून दिल्या. ती तिच्या खुर्चीत बसली, मी समोर बसलो. दोघांनाही काही काम नाही असं किती वर्षांत झालं नव्हतं.

मी म्हटलं, कसं वाटतंय?

म्हणाली, बरी आहे. मी म्हटलं, तसं नाही, नीट सांग. तिने माझ्याकडे जरा निरखून बघितलं, मी थट्टा करतोय का म्हणून. करत नव्हतो. मग तिने सपातांतून पाय बाहेर काढले, मांडीवर उशी घेतली आणि सांगायला सुरुवात केली. आधी टाचा. मग गुडघा, तोही डावाच. मग कंबर, एक दाढ, डोळ्यांपुढे कधीमधी येणारे ठिपके. मग मेहुणे कसे न सांगता गेले ते, आणि ती आठ दिवस रडलीही नव्हती कारण तेव्हा मला सर्दी झाली होती. मग माझी उचकी. मग माझं गेल्या आठ वर्षांतलं एकेक दुखणं, तारखेसकट. मी एकदाही मध्ये बोललो नाही, एकदा सोडून, तेव्हा तिने हातानेच गप्प बसवलं.

साडेनऊला सुरू झालेली बाई दीड वाजला तरी बोलत होती. आवाज बसला तेव्हा थांबली, पाणी प्यायली. मी विचारलं, झालं?

म्हणाली, ‘छे, इतक्यात कुठलं? उरलेलं उद्या सांगते.’